सातच्या पुढे आकडाच नाही!

प्रश्न: बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन बऱ्याच वर्षांपूर्वी झालेलं, भुलीचं पेंटोथाल दिलं आणि दहापासून उलटे आकडे मोजायला लावले, ते सातपर्यंतच पोचले म्हणे. मेंदूत होतं तरी काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: सात म्हणजे बरेच टिकले की! पेंटोथाल म्हणजे थायोपेंटोन, बार्बिट्युरेट या गुंगी आणणाऱ्या औषधांच्या घराण्यातलं, १९३४ पासून वापरात. आता बहुतेक ठिकाणी प्रोपोफॉल देतात. तर बघा, मज्जातंतूच्या टोकाला कॅल्शियम आत शिरलं की ग्लुटामेट बाहेर पडतं, हे मेंदूला जागं ठेवणारं रसायन. बार्बिट्युरेट ते कॅल्शियमच कमी आत येऊ देतं. चोडणच्या फेरीबोटीचा रॅम्प अर्धाच खाली आला तर स्कूटरी उतरणार कशा, तसं. पण खरी करामत गाबाची, हे शांत करणारं रसायन. ते पेशीवर जिथे चिकटतं त्या रिसेप्टरमधलं क्लोराइडचं दार या औषधाने जास्त वेळ उघडं राहतं, क्लोराइड आत शिरून पेशी शांत होते, आणि डोस मोठा असला तर गाबा नसतानाही उघडतं, म्हणून तर हे औषध जपून द्यावं लागतं, श्वासही थांबू शकतो. आणि एका डोसनंतर माणूस पाच-दहा मिनिटांत जागा होतो ते औषध संपलं म्हणून नव्हे हां, ते मेंदूतून स्नायूंकडे सरकलेलं असतं, म्हणून नंतरही पेंग येत राहते.