तुलना मुंबई-बीजिंगची, ॲप मात्र एकाच ठिकाणचं

प्रश्न : मुंबई आणि बीजिंगचे विद्यार्थी गटप्रकल्पासाठी गूगल डॉक्स कितपत स्वीकारतात, याची तुलना करायची आहे. प्रश्नावली कशी करू? – एम.ए.ची विद्यार्थिनी, कलिना

उत्तर : आधी ॲपचं नाव काढा. बीजिंगमध्ये गूगल डॉक्स व्हीपीएनशिवाय उघडतच नाही. तिथला कमी आकडा नावड नव्हे, अडथळा दाखवेल. ‘एकाच फाइलवर सगळ्यांनी लिहिणं’ याबद्दल विचारा. लोक नवं तंत्रज्ञान का स्वीकारतात, हे सांगणाऱ्या डेव्हिस यांच्या १९८९च्या प्रारूपातून उपयुक्तता आणि सोपेपणा घ्या. त्याच विषयावरच्या व्हेंकटेश आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या प्रारूपातून भोवतालच्यांचा प्रभाव आणि सोयीसुविधा. लोकलमध्ये उभ्याने मोबाइलवर तक्ता भरणाऱ्याला ‘वापरायला सोपं’ म्हणजे वेगळंच काही वाटतं, म्हणून उपकरण विचाराच. सरांची सक्ती होती का, हेही. चिनी भाषांतर दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत करून ताडून घ्या. आणि दोन्हीकडे प्रश्नांचा अर्थ सारखाच लागतो, हे बहुगट घटकविश्लेषणाने (प्रश्नांची घडण दोन्ही गटांत सारखी आहे का, हे पाहणारी संख्याशास्त्रीय पद्धत) तपासल्याशिवाय सरासऱ्या शेजारी मांडू नका.