मल्लिनाथी : शपथेचा अर्धाच भाग पाळणारा शब्द

‘मल्लिनाथी करणे म्हणजे टोमणा मारणे का, आणि हा शब्द आला कुठून?’ असा प्रश्न आहे.

टोमणा नव्हे. टोमणा गप्प बसलेल्या माणसालाही मारता येतो. मल्लिनाथीला आधी दुसऱ्याचं वाक्य लागतं. ‘सोमवारपासून पहाटे फिरायला जाणार’ असं नातू म्हणाला आणि आजीने ‘कुठल्या सोमवारपासून?’ विचारलं, की झाली मल्लिनाथी. म्हणूनच ‘त्यांनी सरकारवर मल्लिनाथी केली’ असलं वाक्य ऐकलं की माझा संताप होतो. सरकारवर टीका करा हवी तेवढी. मल्लिनाथी विधानावर होते.

आता खरी गंमत. हा शब्द ज्याच्या नावावरून आला तो कोलाचल मल्लिनाथ तेलंगणातला. रघुवंश, मेघदूतापासून माघाच्या शिशुपालवधापर्यंत संस्कृत काव्यांवर त्याने टीका, म्हणजे अर्थ उलगडणाऱ्या व्याख्या, लिहिल्या. रघुवंशावरच्या ‘संजीवनी’ टीकेच्या आरंभी तो शपथच घेतो : ‘नामूलं लिख्यते किञ्चिन्नानपेक्षितमुच्यते’. ज्याला मूळ नाही ते लिहिणार नाही, ज्याची अपेक्षा नाही ते बोलणार नाही. मराठीने या शपथेचा पूर्वार्ध पाळला आणि उत्तरार्ध बिनदिक्कत मोडला! मल्लिनाथीला मूळ वाक्य हवंच, पण ती करायला कुणी सांगितलेलं नसतं.

मग या शब्दाला तिखटपणा कुठून आला? माझं मत असं की तो खुद्द मल्लिनाथाचाच आहे. त्याच प्रास्ताविकात तो म्हणतो, ‘भारती कालिदासस्य दुर्व्याख्याविषमूर्च्छिता’; कालिदासाची वाणी वाईट व्याख्यांच्या विषाने बेशुद्ध पडली आहे, माझी संजीवनी तिला उठवील. आधीच्या काही टीकाकारांना एका समासात विषारी ठरवून मोकळा! पाठशाळेत रघुवंश शिकणाऱ्या पिढ्यांनी हा श्लोक वाचला. त्यांच्या कानात मल्लिनाथाचं नाव आणि हा चिमटा एकत्रच बसला असणार, आणि पुढे कुणी गुरुजींच्या बोलण्यावर पुस्ती जोडली की ‘आला मोठा मल्लिनाथ’ म्हणणं किती साहजिक होतं.

‘थोर पंडिताच्या नावाची ही विटंबना आहे, शब्द टाळावा’ असं सांगणारे शुद्धतावादी भेटतात. त्यांनी ‘संजीवनी’चं पहिलं पान तरी उघडावं. ‘टीका’ हा शब्दही व्याख्येवरून दोष काढण्यावर आलाच की; त्याच्यासाठी यांच्यापैकी कुणी गळा काढलेला मी ऐकला नाही.