चॅसिस प्लेट बदलायचीच असेल तर कार्बनच घ्या, पण आधी पीळ काढा

तुमची गाडी 1:10 टूरिंग कार, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी रिमोट कंट्रोलची रेसिंग कार, सेकंडहँड घेतलेली, चॅसिस म्हणून तळाशी 2.25 मिमीची कार्बन फायबरची प्लेट, कडेचे थर सुटू लागलेत. डावं वळण नीट घेते, उजव्या वळणात मागून सुटते. चालवता ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि रविवारी एका मोकळ्या डांबरी प्लॉटवर. विचारताय, ॲल्युमिनियमची प्लेट टाकू का?

माझं मत: नको. ॲल्युमिनियमच्या प्लेटा तुम्ही व्हिडिओत बघता त्या कार्पेट अंथरलेल्या ट्रॅकवर. तिथे ग्रिप इतकी असते की गाडी उलटायला बघते, म्हणून वजन खाली हवं. आपल्याकडच्या धुळकट डांबरावर ग्रिपचीच बोंब. शिवाय पेव्हर ब्लॉकच्या कडेला जोरात बसली की ॲल्युमिनियम वाकतं आणि वाकलेलंच राहतं. कार्बन एकतर पूर्ववत होतो नाहीतर तुटतो, म्हणजे निदान कळतं तरी.

आणि एकाच बाजूला गाडी सुटणं हा प्लेटच्या मटेरियलचा दोष नाही, तो पीळ आहे, म्हणजे चॅसिस तिरपी पिळली गेलीय. एक पाय आखूड असलेल्या खुर्चीसारखी गाडी एका कोपऱ्यावर हलकी पडते. पुढचा-मागचा अँटी-रोल बार (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारी तार) सोडवा, गाडी सपाट जागी ठेवा आणि नाकाखाली बरोबर मध्यरेषेवर स्क्रूड्रायव्हरची दांडी घालून हळू उचला. दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. मग तेच मागून. चाक आधी-नंतर सुटत असेल तर टॉप डेकचे (वरच्या अरुंद प्लेटचे) स्क्रू ढिले करा, गाडी जाड काचेवर दाबून धरा, पुन्हा आळीपाळीने कसा. काचवाल्याकडे जाड काचेचा तुकडा कापून मिळतो, कडा घासून घ्यायला सांगा. निम्म्या गाड्या इथेच सरळ होतात. नाही झाली तर शॉक ॲब्सॉर्बरची लांबी आणि स्प्रिंग दाबणाऱ्या कड्या (कॉलर) दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा.

तरी कडेचे थर सुटलेत म्हणजे प्लेट कधीतरी बदलावी लागेलच. मॅन्युअलमधला पार्ट नंबर बघूनच मागवा. एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांत मोटर माउंटची भोकं सरकलेली असतात. नव्या प्लेटच्या कडा ओल्या पॉलिश पेपरने घासा. कोरडं अजिबात नको, ती भुकटी छातीत जाते. पाण्यातही मास्क लावाच. मग पातळ सुपरग्लूचा हात फिरवा, थर धरून राहतात. कार्बनमधून वीज वाहते हे विसरू नका: बॅटरीच्या खाचेत टेप लावा, सोल्डरचे सांधे प्लेटला टेकू देऊ नका.

जोडताना बल्कहेड (प्लेटवर बसणारे, सस्पेन्शन धरणारे ठोकळे) सैल बसवा, काचेवर दाबून कसा, टॉप डेक सगळ्यात शेवटी. थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) फक्त धातूत धातू जातो तिथे. प्लास्टिकला लागला तर ते तडकू शकतं. सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर) दोन्ही बाजूंनी प्लेटला जखडला असेल तर फ्लेक्स, म्हणजे प्लेटची लवचिकता, तिथेच मरतो. तुमच्या गाडीला मध्यरेषेवर बसणारा माउंट मिळत असेल तर घ्या, प्लेटपेक्षा त्याचा फरक लवकर जाणवेल. टायटॅनियमच्या स्क्रूंचा मोह टाळा. स्टीलचे मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात, फक्त पावसाळ्यात तेलाचा बोळा फिरवत जा.

प्लेट बदलल्यावर ड्रूप (गाडी उचलली की चाकं किती खाली लोंबतात ते) आणि राइड हाइट (प्लेटची जमिनीपासूनची उंची) नव्याने लावायची. पेव्हर ब्लॉकवर 5 मिमी कमीच, 6 ठेवा. उरलेल्या पैशात टायर घ्या.