लॅब्राडोरला तळ्यात पोहायला न्यायचंय, काय काळजी घ्यावी?

दीड वर्षाच्या लॅब्राडोरला पुण्याजवळ पोहायला न्यायचं म्हणताय, तर त्याला पोहता येईल का ही काळजी सोडा. त्याला पाण्यात जा म्हणावं लागत नाही, बाहेर ये म्हणून विनवावं लागतं. बघायचं ते एवढंच की तो बाहेर कुठून येणार.

मला हे कळलं ते मुळशीकडे, ओळखीच्यांच्या शेततळ्यावर. स्वच्छ पाणी, भोवती कुंपण. म्हटलं याहून चांगली जागा कुठली! आमच्या बंड्याने धाडकन उडी मारली, दोन झकास फेऱ्या मारल्या आणि काठाशी आला. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ. पंजे टेकले की घसरायचे. पाच-सहा वेळा घसरल्यावर तो फक्त नाक वर ठेवून गोल गोल फिरायला लागला. मी बूट काढले, तर तिथल्या मामांनी दंड धरून मागे ओढलं. "सायेब, तुमी बी वर येनार न्हाई." त्यांनी दोराला गोणपाट बांधून उतारावर सोडलं, त्यात नखं रुतवत बंड्या वर आला. शेततळ्यात माणसं बुडतात तीही अशीच.

तेव्हा काठ उतरता आणि मुरमाड हवा. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की वरून सुकलेला दिसणारा गाळ आत गुडघाभर असतो, म्हणून आधी स्वतः चालून बघा. खडकवासल्याला नेऊ नका. ते आपण पितो, शिवाय रविवारी तिथे भुट्टेवाले आणि गाड्यांतून कुत्रा सांभाळणं हेच मोठं काम. पाषाण तलावात सांडपाणी आणि जलपर्णी आहे, तो विषयच नको. कुठेही गेलात तरी जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याला विचारून उतरा.

पट्टा गळ्यात नको, छातीला हार्नेस लावा आणि लांब दोरी हातात ठेवा. पाठीवर मूठ असलेलं लाइफ जॅकेट घ्याच, त्या मुठीला धरून कुत्रा उचलता येतो. (चपट्या नाकाचा पग किंवा बुलडॉग असता तर मी जॅकेटशिवाय पाऊलही टाकू दिलं नसतं.)

बॉल फेकायचा मोह आवरा. तोंड उघडं ठेवून बॉल आणताना कुत्रा बरंच पाणी गिळतो आणि रक्तातलं सोडियम उतरतं. पोट फुगलं, लाळ गळायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर थेट डॉक्टर गाठा, घरी जाऊन बघू म्हणू नका. आम्ही दहा मिनिटांनी बाहेर काढतो, मग सावलीत विश्रांती. पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली तर परत फिरा. त्यातलं काही शेवाळ यकृत निकामी करतं. लेप्टो म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, त्याची लस दरवर्षी लागते, ती तपासा. पावसाळ्यात तर डबक्यातही सोडू नका, उंदरांचं मूत त्यात मिसळतं.

घरी गोड्या पाण्याने अंघोळ घाला, कान कोरडे करा. दुसऱ्या दिवशी शेपटी दोरीसारखी लोंबली तर आमच्यासारखी मोडली म्हणून रडारड करू नका. पोहून शेपटीचे स्नायू धरतात. डॉक्टरांना दाखवा, पण बहुधा चार-सहा दिवसांत ती परत टीपॉयवरचे कप पाडायला लागते.