बाईच्या हातात पैसा आला की घराची गरिबी हटते, असं का म्हणतात? पुरुषाच्या हातात आला तर काय फरक पडतो?

तुमचा प्रश्न वाचून लालबागची आमची दहा बाय बाराची खोली आठवली. वडील गिरणीत, आणि आई खाणावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले बारा गिरणी कामगार आमच्याकडे जेवत. पहिल्या पाळीचे, दुसऱ्या पाळीचे, रात्रपाळीचे. पहाटे साडेचारला स्टो पेटायचा तो रात्री अकराला विझायचा.

एवढं राबूनही आम्ही गरीबच. कारण जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळायचे, पण तांदूळ, रॉकेल, मासळी रोज लागायची. मधले दिवस वाण्याची उधारी आणि सावकार. व्याज महिन्याला शेकडा दहा. आईचं मंगळसूत्र गळ्यात कमी आणि गहाण जास्त असायचं. बँकेत तिला कोण उभं करणार? तारण नाही, सही येत नाही.

१९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खाणावळवाल्या बायकांसाठी. बायकांनी गट करायचा, एकमेकींना जामीन राहायचं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून स्वतःच्या नावावर कर्ज घ्यायचं. आईला कर्ज मिळालं तसं सावकाराचं व्याज थांबलं. कमाई तेवढीच, पण ती घरात राहायला लागली. पुढे १९८२ च्या संपात वडिलांचा पगार बंद झाला, अर्धे जेवणारे गावी परतले. आईने दादरच्या दुकानांना चपात्या द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी मी दहावीला होते, आणि माझी फी एकदाही थकली नाही.

माझे वडील व्यसनी नव्हते, भले माणूस होते. म्हणून बायका चांगल्या आणि पुरुष उधळे, असं मी म्हणणार नाही. पण वडिलांच्या पगारातून गावच्या घराचं छप्पर, भावाचं लग्न, भावकीचा मान हे सगळं निघायचं. आईच्या पैशातून वह्या, दूध, औषध. रोजचा खर्च तिच्या डोळ्यांसमोर असायचा. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बाईच्याच खात्यात जातात, हे मला म्हणूनच महत्त्वाचं वाटतं. अर्थात तेवढ्याने भागत नाही. तिला धंद्याला भांडवल हवं, आणि घरात मुलगी असेल तर ती शाळेत हवी.

शाळेत जाणं आमच्याकडेही सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. नळाला पाणी सकाळी यायचं आणि शाळाही सकाळची. हंडे भरायला, चपात्या लाटायला कोणीतरी लागायचं, म्हणून ताईला सातवीतून काढलं. कर्ज मिळाल्यावर आईने हाताखाली एक बाई ठेवली, तेव्हा मी पाचवीत होते. मी शिकले, नोकरीला लागले. ताईचं गणित माझ्यापेक्षा चांगलं होतं. खाणावळीचा सगळा हिशेब तीच तोंडी करायची.