मुलाखतीसाठी दिलेला कोड रन न करता नुसता व्हीएस कोड या कोड-एडिटरमध्ये उघडून वाचला, तर काही धोका असतो का?

हो, असतो. "नुसता उघडला" यातच सगळी गोम आहे.

तुम्ही लिहिलंय की भरतीवाल्यांनी लिंक्डइनवरून एक झिप पाठवली, आत नोडचा (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) प्रोजेक्ट आहे, त्यातला बग शोधून संध्याकाळपर्यंत कळवायचाय आणि तुम्ही तो चालवणार नाही, फक्त वाचणार. मी ऐरोलीला नोकरी करतो, बिल्ड आणि डिप्लॉयमेंटचं काम बघतो. सिक्युरिटीतला तज्ज्ञ वगैरे नाही. पण गेल्या पावसाळ्यात हेच लचांड आमच्या इमारतीत निस्तरलंय, म्हणून लिहितो.

मी राहतो कळव्याला. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा घणसोलीत नोकरी करतो, दोनेक वर्षं झाली असतील. एका रात्री साडेदहाला बेल. "काका, पंखा थांबतच नाहीये." मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागलो, तर पंखा लॅपटॉपचा. मुलाखतीसाठी कोड आला होता म्हणाला. "काय केलंस?" "काहीच नाही. फोल्डर उघडलं, वाचत बसलो." टर्मिनलला हात लावला नव्हता, आणि ते खरंही होतं.

प्रोजेक्टमध्ये एक .व्हीएसकोड नावाचं फोल्डर होतं. आपण त्यात कधी डोकावत नाही, कुणाच्या तरी सेटिंग्ज असतील म्हणून सोडून देतो. आत टास्क्स डॉट जेसन. त्यात "रनऑन"समोर लिहिलं होतं "फोल्डरओपन", म्हणजे फोल्डर उघडताक्षणी हे काम सुरू कर. खाली "रिव्हील"समोर "नेव्हर", म्हणजे टर्मिनलची खिडकी वर आणू नकोस. कमांडची ओळ मात्र अगदी साळसूद, लिंट (कोडमधल्या चुकांची तपासणी) चालू आहे असा मेसेज छापणारी. तिथे मी जवळजवळ फसलो होतो. मग खालची आडवी स्क्रोलपट्टी दिसली, मुगाच्या दाण्याएवढी झालेली. एवढीशी ओळ आणि पट्टी इतकी बारीक कशी? उजवीकडे सरकवत गेलो. पांढरं, पांढरं, नुसतं पांढरं. शेकडो स्पेस ओलांडल्यावर खरी कमांड सापडली: कर्लने (नेटवरून फाइल उतरवणारी कमांड) एका पत्त्यावरून स्क्रिप्ट आणायची आणि थेट नोडच्या हवाली करायची.

यात व्हीएस कोडमध्ये काही तुटलेलं नव्हतं. ही सोय आहे. फोल्डर उघडलं की डेव्ह सर्व्हर (आपल्याच मशीनवर प्रोजेक्ट चालवून दाखवणारा) आपोआप चालू व्हावा, म्हणून लोकांनी मागून घेतलेली. एडिटर आता वाचायचं साधन उरलेलं नाही. तो टास्क चालवतो, प्रोजेक्टमधलाच लिंटर उचलून चालवतो, पाठीमागे गिटला (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) सारखं विचारत राहतो. म्हणून तर २०२१ साली १.५७ आवृत्तीत वर्कस्पेस ट्रस्ट आलं: या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का, असं विचारणारी ती खिडकी. पोरानं "हो, आहे"चं निळं बटण दाबलं होतं. तुम्ही-मीही दाबतोच. वॉचमनने "ओळखीचे आहेत ना?" विचारावं आणि आपण फोनवर बोलता बोलता मान हलवावी, तसं. कर्सर (व्हीएस कोडवर बेतलेला एआय एडिटर) वापरत असाल तर आणखी जपा. सप्टेंबर २०२५ मध्ये ओॲसिस सिक्युरिटी या कंपनीने दाखवून दिलं की त्यात ही विचारणाच मुळात बंद ठेवलेली होती. सेटिंगमध्ये जाऊन तुमच्याकडे चालू आहे का ते बघा.

खोट्या मुलाखतींचा हा धंदाही जुना आहे. पालो आल्टो नेटवर्क्स या सायबर सुरक्षा कंपनीच्या युनिट ४२ या संशोधन गटाने नोव्हेंबर २०२३ मध्येच यावर लिहिलं होतं आणि धागा उत्तर कोरियापर्यंत नेला होता. नोकरी शोधणारा माणूस घाईत असतो, समोरच्याला नाराज करायचं नसतं, आणि बहुतेक वेळा हातात आधीच्या कंपनीच्या डिजिटल किल्ल्या असलेलाच लॅपटॉप असतो. यापेक्षा सोपं सावज कुठलं?

आता तुमच्या झिपबद्दल. मला ती लिंकपेक्षा जास्त खुपतेय. गिटहबवरून (कोड ठेवायची साइट) तुम्ही स्वतः क्लोन केलंत, म्हणजे प्रत उतरवून घेतलीत, तर .गिट फोल्डरमधली कॉन्फिग फाइल तुमच्या मशीनवर नव्याने तयार होते. झिपमध्ये .गिट आलं तर ती फाइल त्यांची असते. त्यात कोअर डॉट एफएसमॉनिटर नावाच्या सेटिंगपुढे कमांड लिहिता येते आणि गिट स्टेटस म्हटलं की ती चालते. तुम्ही म्हणायचीही गरज नाही. टर्मिनलमध्ये ब्रँचचं नाव दाखवणारा तो रंगीत प्रॉम्प्ट असतो ना, तो त्या फोल्डरमध्ये शिरल्याबरोबर गिटला विचारून मोकळा होतो. एप्रिल २०२२ मध्ये २.३५.२ पासून गिट फोल्डरचा मालक कोण ते तपासायला लागलं खरं, पण झिप तुम्ही सोडवलीत की मालक तुम्हीच! तिथे ती तपासणी काही कामाची नाही.

अर्थात क्लोन म्हणजे गंगास्नान नव्हे. मे २०२४ मध्ये गिटमध्येच भोक सापडलं होतं: विंडोज आणि मॅकवर सबमॉड्यूलसकट (आत जोडलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टांसकट) क्लोन करतानाच समोरच्याचा कोड चालू शकत होता. २.४५.१ मध्ये ते बुजवलं. तुमचं गिट त्याहून जुनं असेल तर आधी अपडेट करा, मुलाखत नंतर.

एनपीएम इन्स्टॉलबद्दल (नोडची पॅकेजेस उतरवणारी कमांड) फार लिहीत नाही. पोस्टइन्स्टॉलमध्ये, म्हणजे त्यानंतर आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, काहीही चालतं हे तुम्हाला माहीत असेल. इग्नोअर-स्क्रिप्ट्स हा पर्याय लावला तर इन्स्टॉल करताना वाचाल, प्रोजेक्ट चालू केल्यावर नाही.

मी काय करतो, तर गिटहबवर असेल तर ब्राउझरमध्येच रेपो (प्रोजेक्टचं पान) उघडून कीबोर्डवरची टिंबाची की दाबतो. एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो, त्याला टर्मिनलच नाही, वाचायला उत्तम. चालवायचंच असेल तर रिकामं व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आतला वेगळा कॉम्प्युटर), ज्यात ना माझं ब्राउझर लॉगिन, ना एसएसएचच्या (दुसऱ्या मशीनवर शिरायच्या) किल्ल्या. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालेल, पण होम फोल्डर त्यात माउंट करून बसू नका. हे मी लोकांना करताना पाहिलंय.

पोराचं काय झालं? वायफाय तोडला, माझ्या मशीनवरून त्याचे पासवर्ड बदलले, गिटहबचे टोकन (पासवर्डऐवजी चालणारे परवाने) आणि किल्ल्या रद्द केल्या, लॅपटॉप पुसून नव्याने भरला. रात्रीचे अडीच वाजले. खरं भांडण झालं ते ऑफिसला सांगण्यावरून, कारण त्याच लॅपटॉपवर कंपनीच्या रेपोचं टोकन होतं. "काका, नोकरी जाईल." मी म्हटलं, सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना कळल्यापासून त्यांना कळवायला कंपनीला ६ तास असतात, तू सकाळपर्यंत गप्प बसलास तर उलट तुझंच अवघड होईल. त्यानं अडीचलाच मॅनेजरला फोन लावला. नोकरी आहे अजून. भरतीवाल्याचं प्रोफाइल मात्र दुसऱ्या दिवशी गायब.

तुम्ही झिप सोडवली नसेल तर तशीच ठेवा आणि आतल्या फायलींची नुसती यादी बघा. टिंबाने सुरू होणारी नावंही दिसली पाहिजेत. .व्हीएसकोड किंवा .गिट दिसलं तर त्यांना सरळ विचारा, गिटहबची लिंक द्या म्हणून. काय उत्तर येतंय ते इथे कळवा.