दीडशेची कपात राहू द्या, छत्तीस हजारांचा हप्ता बघा

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मोल्डर आहे. पगार २०,०००, ईएसआयचे (कामगारांचा सरकारी विमा) १५० कापतात. दवाखान्यात रांग असते म्हणून आम्ही जात नाही. माझी वर्षाला ३६,००० हप्त्याची ‘मेडिकल आणि सेव्हिंग’ पॉलिसी आहे. १५ वर्षं भरायचे, २०व्या वर्षी ९ लाख. दोन हप्ते भरलेत. गेल्या वर्षी पत्नीच्या अपेंडिक्सचं बिल ४२,००० झालं, तीन दिवसांचे ३,००० मिळाले. एजंट म्हणतो, पॉलिसी जुनी झाली की जास्त मिळतील. आईला साखर आहे, मुलगी लहान. ऑगस्टपासून पगार २३,५०० होईल. ईएसआय आत्ताच बंद करता येईल का?
– एक वाचक, उचगाव

उत्तर : नाही. दहा किंवा जास्त कामगार आणि २१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय सक्तीचं आहे. तुमचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. म्हणजे तुमच्या दीडशेवर कंपनी ६५० घालते.

आता पॉलिसी. जुनी झाली की जास्त मिळतील, हे साफ खोटं आहे. तीन दिवसांचे तीन हजार मिळाले, म्हणजे तो रोज हजार रुपये देणारा हॉस्पिटल कॅशचा रायडर, मूळ पॉलिसीला जोडलेला जादा भाग आहे. बिल चार लाखांचं झालं तरी रोजचे हजारच. तुम्हाला मेडिक्लेम म्हणून एन्डोमेंट, म्हणजे बचतीची आयुर्विमा पॉलिसी, विकली आहे. बचत म्हणूनही ती कच्ची : ५ लाख ४० हजार भरून वीस वर्षांनी ९ लाख, म्हणजे वर्षाला जेमतेम चार टक्के. त्यातही ते नऊ लाख हमीचे आहेत की नुसते अंदाजाचे, हे पॉलिसीच्या कागदात बघा, एजंटाच्या वहीत नको.

उलट ते अपेंडिक्स ईएसआयमधून झालं असतं. दवाखान्यातून रेफरन्स घेऊन जोडलेल्या रुग्णालयात गेलात की खिशातून पैसे जात नाहीत. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. कामावर अपघात होऊन घरी बसावं लागलं तर ९० टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे १८,०००. वितळलेल्या लोखंडाशेजारी उभं राहणाऱ्या माणसानं ही रक्कम पाठ करून ठेवावी. आईचं नाव कार्डावर आहे का? तिचं उत्पन्न महिन्याला ९,००० पेक्षा जास्त नसेल आणि ती तुमच्यावर अवलंबून असेल, तर नाव चढतं.

खरी घाई पुढेच आहे. पगार ऑगस्टमध्ये वाढला तरी ती सहामाही संपेपर्यंत, ३० सप्टेंबरपर्यंत, कपात चालू राहील. मग कपात थांबेल. भरलेल्या वर्गणीवर उपचार आणखी काही महिने मिळतील, पण ती मुदत संपली की हातात उरेल तो रोजचा हजार. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या आजारांचे आणि यादीतल्याच रुग्णालयांत. तेवढ्यावर विसंबू नका.

आजच चौकशी सुरू करा. तुम्ही, पत्नी आणि मुलगी यांचा १० लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा मिळून एकच आरोग्य विमा) वर्षाला साधारण १५ ते १८ हजारांत बसेल, ५० लाखांचा टर्म विमा (मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा) आठ-दहा हजारांत. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, कुणी लावला तर विचारा. आईची पॉलिसी वेगळी घ्या, महाग पडेल. फॉर्मवर तिची साखर स्पष्ट लिहा. आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून एक महिनाही दवडू नका.

या पॉलिसी हातात आल्या की एन्डोमेंटचा तिसरा हप्ता भरू नका. आज बंद केली तर किती मिळतील आणि पेड-अप, म्हणजे पुढचे हप्ते न भरता तशीच ठेवली तर किती, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. एजंटाकडून नाही, कंपनीच्या शाखेतून. ७२,००० मधले बरेचसे जातील, त्याचं वाईट वाटेल. पण ते वाचवायला आणखी तेरा हप्ते भरणं म्हणजे ४ लाख ६८ हजार.